मांडीचा तुकडा, खडपावरची हाक

"बाये, तो तुकडो थंय बाटलीत दुखता काय?"

मालवणात माझी लॅब होती त्या वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की पुढे पुढे मी त्यावर हसणं सोडून दिलं. विचारणारी माणसं खुळी नव्हती. कुणाच्या मानेवरची गाठ काढलेली असायची, कुणाच्या पोटातलं काही. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तो तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून माझ्याकडे पाठवायचा, आणि तुकड्याचा मालक रिपोर्ट न्यायला आला की कपाटातल्या बाटल्यांवरून नजर फिरवत आपली बाटली शोधायचा. माडावर चढून नारळ पाडणाऱ्या एकाच्या दंडातली गाठ माझ्याकडे आली होती. तो आला तोच दंड चोळत. म्हणाला, "काल सांजेक तुमी माझी गाठ बर्फात ठेवलास मां? हात गारठान गेलो माझो." मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तुझ्या हाताचा आणि त्या बाटलीचा आता काडीचा संबंध उरलेला नाही, हे परत परत समजावलं. तो गेल्यावर मला आठवलं, की आदल्या संध्याकाळी मी त्याचा तुकडा खरोखरच बर्फावर ठेवला होता.

बर्फाचंही सांगते. पॅथॉलॉजिस्ट म्हटलं की आपल्याकडे रक्त-लघवी तपासणारी बाई एवढंच लोकांना ठाऊक. माझं खरं काम मांस वाचायचं. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरला की त्यातलं पाणी काढून टाकायचं, पाण्याच्या जागी वितळलेलं मेण भरायचं, आणि मेणाची वडी थंड करून घट्ट करायची. मग धारदार पात्याच्या यंत्रावर त्या वडीचे इतके पातळ काप काढायचे की फुंकर मारली तर उडून जावेत. काप कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर झेलायचे आणि दोन रंगांत बुडवायचे. पेशीच्या पोटातलं केंद्रक निळं होतं आणि बाकीचं गुलाबी. या दोन रंगांवर माझं सगळं आयुष्य गेलं.

मालवणच्या दमट हवेत मेण काही केल्या घट्ट व्हायचं नाही आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी बंदरावरच्या कारखान्यातून मासळीसाठी फोडलेला बर्फ आणवायचे. माझ्या वड्यांना बांगड्याचा वास यायचा. मुंबईच्या माझ्या सरांनी एकदा माझ्या स्लाइड आणि वड्या बघायला मागवल्या आणि उलट टपाली विचारलं, तू तिथे माणसं कापतेस की मासे?

हे सर स्नायूंचे. एम.डी.चा माझा प्रबंधही त्यांच्याच हाताखाली, स्नायूंवरच. लग्न होऊन मी मालवणात आले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता, कारण तिथे मला कोण स्नायूचा तुकडा पाठवणार? खरंच, वर्षानुवर्षं कुणी पाठवला नाही. एकदा आला. त्या एका तुकड्याबद्दल मी आजवर लिहिलं नाही. तो समजायचा तर स्नायू म्हणजे काय हे थोडं सांगावं लागेल.

आपल्या दंडाचं, मांडीचं, पाठीचं मांस ज्या धाग्यांचं बनलेलं असतं, तो धागा जन्मतः एक नसतो. गर्भात आधी असंख्य बारक्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी असतात. प्रत्येकीची आपली भिंत, प्रत्येकीचं आपलं केंद्रक. त्या सरकत सरकत एकमेकींजवळ येतात, अंगाला अंग लावून पडतात, आणि जिथे स्पर्श होतो तिथली भिंत उघडते. दोघींचं आतलं एक होतं. मग तिसरी येऊन मिळते, चौथी मिळते. शेवटी एकच लांब नळी राहते आणि तिच्यात ओळीनं शेकडो केंद्रकं. शरीरात बाकी बहुतेक ठिकाणी पेशी आपली भिंत जिवापाड जपते. इथे ती आपण होऊन सोडते, आणि एकदा सोडली की कोण कुठली होती हे परत सांगता येत नाही.

प्रबंधाच्या वेळी आम्ही अंड्यातल्या पिलाच्या स्नायूपेशी काचेच्या बशीत वाढवायचो. संध्याकाळी बघावं तर सुट्या सुट्या, सकाळी बघावं तर नळ्या. आणि काही दिवसांनी त्या नळ्या हलायला लागत. पिलू नाही, मज्जातंतू नाही, रक्त नाही. बशीत नुसता गुलाबी पाण्याचा थर, आणि त्यात ते धागे आपले आपण आखडायचे आणि सैल व्हायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्ची मागे सारून उठले होते. सर म्हणाले, "घाबरायचं काय त्यात? ते त्यांचं काम करतायत." मला त्याची भीती वाटली होती, आणि आठवलं की अजून वाटते.

सगळ्याच पेशी मात्र त्या नळीत शिरत नाहीत. थोड्या बाहेर राहतात, धागा आणि त्याचं पातळ वेष्टण यांच्या फटीत चपट्या होऊन. वर्षं जातात, त्या काही करत नाहीत. आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. मग कधीतरी स्नायू चिरडतो, फाटतो, आणि या उठतात. एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार, आणि गर्भात जे घडलं तेच पुन्हा करतात. रांग धरतात, चिकटतात, एक होतात. काही परत जाऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी. अशा नव्या धाग्यात केंद्रकं मधोमध दिसतात. धागा जुना होत गेला की ती कडेला सरकतात. म्हणून मधोमध निळी ओळ दिसली की समजायचं, इथे अलीकडे मोडलं होतं आणि शरीर ते सांधत होतं. ओळ दिसायला मार बसल्यापासून चार-पाच दिवस तरी जावे लागतात, ठसठशीत व्हायला साधारण आठवडा. आणि त्याला चालतं रक्त लागतं. माणूस गेल्यावरही त्या झोपलेल्या पेशी काही काळ तग धरून असतात असं पुढे माझ्या वाचनात आलं, आणि ते वाचून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पण त्या तेव्हा काही बांधत नाहीत. सांधणं जिवंत शरीरातच होतं.

आता तो तुकडा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचा जिल्हा नवा होता. नारळी पौर्णिमा झाली होती, पण समुद्र अजून पुरता निवला नव्हता. मालवणच्या दक्षिणेला खाडीपलीकडे मच्छीमारांचा एक गाव आहे, त्याचं नाव देत नाही. तिथला वसंत आणि त्याचा चुलत भाऊ दाजी होडी घेऊन गेले, आणि डोंगराचं टोक समुद्रात घुसतं तिथे होडी उलटली. दाजी पोहत किनाऱ्याला लागला. त्यानं सांगितलं, की होडीची उलांडी, म्हणजे तोल राखायला बाजूला बांधलेलं लाकूड, लाटेबरोबर उसळून वसंताच्या मांडीवर बसली. वसंत ओरडला आणि पाण्याखाली गेला, तो वर आलाच नाही. दाजीनं हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

गावानं शोध केला. मग देवळात कौल लावला. देवाला चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची, यावर आमच्याकडे गावाचे निर्णय होतात, लग्नापासून विहिरीपर्यंत सगळे. कौल आला की माणूस गेला, आता शोधू नका. शोध थांबला. देह नव्हता म्हणून दर्भाचा पुतळा करून तो जाळला, आणि वसंत मेला.

आठवडा उलटून गेल्यावर त्याचा देह त्यांच्याच किनाऱ्याला लागला. ताजा.

शवविच्छेदन करणारे सरकारी डॉक्टर देसाई माझ्या ओळखीचे. दुसऱ्या दिवशी एस.टी.नं ते स्वतः बाटली घेऊन आले. 

"मॅडम, समुद्रात आठवडा काढलेलं प्रेत मी पुष्कळदा बघितलंय," ते म्हणाले. "मासे डोळे ठेवत नाहीत. ह्याचे डोळे शाबूत होते. हातापायाची कातडी कालच भिजल्यासारखी. लोक म्हणतायत समुद्रान राखल्यान, देवानं त्याला जसाच्या तसा परत दिला. नारळ फोडतायत. आणि दाढी वाढली होती त्याची. तर म्हणे मेल्यावर वाढते."

"मेला कशानं?"

"बुडूनच. त्यात शंका नाही. पोट रिकामं होतं. पण बुडाला कधी?" त्यांनी बाटली माझ्याकडे सरकवली. "उलांडीचा मार बसला ती मांडी आहे ही. मार कधीचा हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही मला एवढंच सांगा, मार लागल्यावर हा किती जगला?"

स्लाइड तयार झाली तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं, बाजारात मासळीचा लिलाव चालला होता आणि त्याचा कलकलाट माझ्या खिडकीत येत होता. मी डोळा लावला. चिरडलेले धागे विरत चालले होते, साफसफाई करणाऱ्या पेशींची गर्दी होती, आणि त्यांच्यामधून नवे, बारीक, गुलाबी धागे निघाले होते. प्रत्येकाच्या मधोमध निळी ओळ. मी डोळा काढला, चष्मा पुसला, परत लावला. ओळ तिथेच होती. कुठे दोन पेशी नुकत्या एकमेकींना लागल्या होत्या आणि मधली भिंत अर्धीच उरली होती. ज्या माणसाचं नाव घेऊन गावानं पुतळा जाळला, त्याची मांडी त्या वेळी धागा सांधत होती. बाहेर बाया बांगड्याच्या भावावरून भांडत होत्या, आणि उठून खाली जावं, त्यांच्यात जाऊन उभं राहावं असं मला वाटलं.

मी देसायांना सांगितलं, सुमारे आठवडा. "म्हणजे शोध थांबवला तेव्हा तो होता," ते म्हणाले. "कुठेतरी होता. आता बोट कुणाकडे दाखवायचं? देवाकडे?" मी म्हटलं, बोट दाखवायचं काम माझं नाही, मी काचेवर दिसतं ते लिहिते. तसंच लिहिलं. पुढे त्या कागदाचं काय झालं मला माहीत नाही. बुडून मृत्यू, अशी नोंद झाली असं ऐकलं, आणि ती खोटीही नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक बाई माझ्या दारात उभी राहिली. साठीची, काटक, हातात रिकामी पाटी. चप्पल बाहेर काढून आत आली, कपाटातल्या बाटल्यांकडे तिनं एकदाच पाहिलं.

"मी द्वारका. वसंताची आवस," ती म्हणाली. "माझ्या झिलाचो तुकडो तुमच्याकडे आसा म्हणतत. तो माका परत होयो."

तुकडे परत मागणारी माणसं मला नवी नव्हती. तरी मी विचारलं, कशाला?

"देह जाळलो, आणि तुकडो हयसर ऱ्हवलो. अर्धो कसो जातलो तो?"

मी मूळची बांद्याची, तिची बोली तीच माझी. लॅबमध्ये मी पुस्तकी बोलायचे, पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. म्हटलं, बस गो आये. बराचसा तुकडा कापून संपला होता, उरलेला मेणात होता. ती वडी काढून मी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती नाकाजवळ नेली.

"ह्येका मासळेचो वास कित्याक येता?"

मी बर्फाचं सांगितलं. तिच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं आणि गेलं. "मगे बरा," ती म्हणाली. "ओळखीचो वास." वडी तिनं पदराच्या टोकाला बांधली. मला वाटलं, आता उठेल. ती उठली नाही.

"बाये, ह्यात तुका काय गावला?"

खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं तोंडात येत नव्हतं. मी सूक्ष्मदर्शकाच्या आरशाशी उगीच चाळा करत राहिले.

"तू सांगूच्या आधी मीच सांगतंय," ती म्हणाली. "कौल झालो तेच्या दुसऱ्या सांजेक हाक आयली. खडपाच्या बाजूसून. 'आये' म्हणान. सगळ्यांनी आयकली."

खडप म्हणजे डोंगराच्या टोकाखालचा काळा कातळ. भरतीला तो सुटा होतो, ओहोटीला दगडांच्या एका पट्टीनं डोंगराच्या पायथ्याला लागतो. वरून एक निसरडी पायवाट उतरते ती पट्टीपाशी संपते. ती जागा वाईट मानतात, तिकडे कुणी फिरकत नाही, आणि त्या दिवसांत लाटांमुळे होड्याही लांबून जायच्या. दिवेलागणीला समुद्राकडून हाक आली तर तिला ओ द्यायची नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. जो ओ देतो तो हाकेबरोबर जातो.

"मी उठलंय," द्वारका सांगत होती. "दिरान माझो हात धरल्यान. म्हणालो, वयनी, तो आता तो नाय. दुसऱ्या सांजेकय तीच हाक. पोरां रडाक लागली, बायो दारां लावन बसल्यो. मगे तेका पान ठेवचा ठरला. मी म्हटलंय, मीच नेतंय. आवशीच्या हातचा खातलो."

पान ठेवायचं म्हणजे गेलेल्याला आवडीचं जेवण त्या जागी नेऊन ठेवायचं, त्याला दोन शब्द सांगायचे, आणि मागे न बघता परत यायचं. मागे बघायचं नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट.

"भात आणि बांगड्याची कढी. खाली वाट संपता थंय ठेवलंय. तेका सांगलंय, बाबा, तू आता आमचो न्हय. ह्या खा, आणि तुज्या वाटेन जा. घराकडे येव नको. आणि फिरलंय." मग तिनं माझं टेबल दाखवलं आणि दार दाखवलं. "हयसून त्या दारापर्यंत, इतक्याच लांब. फाटसून हाक आयली. 'आये.' बारीक. घसो सुकलेल्याची असता तशी. पण मी वळान बघूक नाय."

खाली बाजारातला लिलाव संपला होता. खिडकीबाहेर कावळे ओरडत होते.

"सकाळी वरसून बघलो. पान चाटूनपुसून साफ. सगळे खूश. म्हणाले, घेतल्यान, आता सुटलो. पण सांजेक परत हाक. मगे मी परत गेलंय पान घेवन. ह्या खेपेक चढ्या आवाजात सांगलंय. म्हटलंय, किती सांगाचा तुका? पोरांबाळांचा घर आसा, परत येव नको, माका तोंड दाखव नको. फाटसून काय्येक आयकूक येवक नाय. श्वास तेवढो येय होतो." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तेच्या दुसऱ्या सांजेक हाक नाय. आणि सकाळी तो वेळेर, वाळूत. बाये, भूत पानाक लागलेला शीत चाटून खाता काय?"

ती मला विचारत नव्हती. तिला ते समजलेलं होतं, आणि ते एकटीनं घेऊन ती गावात दाजीसमोर, दिरासमोर, नारळ फोडणाऱ्या सगळ्या लोकांसमोर वावरत होती. तिला फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून हवं होतं.

मी म्हटलं, "तो जितो होतो गो आये."

मी घाईघाईनं बोलत सुटले. म्हटलं, कातळातल्या खळग्यांत पावसाचं पाणी असणार, ते प्यायला. डोंगराखाली घळ असते, तिथे पडून राहिला. मांडी चिरडलेली, चढण चढवेना. पण तुझा भात खाल्लान. तू पान नेलं नसतंस तर इतकेही दिवस तग धरला नसता. मांस सांधायला खावं लागतं. तुझ्या भातावर त्याची मांडी सांधत होती. हे मी तिच्या समाधानासाठी सांगत होते, पण त्यात खोटं काही नव्हतं.

"सांधत होती म्हणजे?"

मी स्लाइड लावली. एक डोळा मिटायचा कसा ते तिला जमेना, तेव्हा मी माझ्या हातानं तिचा डोळा झाकला. तिची पापणी माझ्या तळव्याखाली थरथरत होती. मी सांगत गेले. ही गुलाबी दोरी म्हणजे नवा धागा. हे निळे ठिपके एकेकाळी वेगवेगळे होते. हे झोपलेले असतात, मार बसला की उठतात, एकमेकांना धरतात आणि एक होतात.

"कोणी सांगूक नाय तरी?"

"कोणी सांगूक नाय तरी."

"कौल झालो तरी ह्यांचा चललाच होता."

"होय."

ती बराच वेळ बघत राहिली. मग डोळा न काढताच तिनं विचारलं, "मगे पाय तेका धरी होतो काय?"

मी खरं तेच सांगितलं. नवे धागे बारीक असतात. उभं राहण्याइतकं बळ त्यांत नसतं, डोंगर चढण्याइतकं तर नाहीच. पण पाण्यात अंग हलकं होतं, आणि जन्म समुद्रात गेलेला माणूस. कदाचित वाटलं असेल की आता जमेल. कदाचित लाटेनंही ओढून नेला असेल.

"आपणानच उतारलो," ती म्हणाली. "माझो झील. माका ठावक आसा." मग तिनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज एकदम घरगुती, बाजारात भाव विचारावा तसा. "माका एकच कळाक होया. मी तेका सांगलंय, घराकडे येव नको. तेना माझा आयकल्यान काय? तो उतारलो तेवा खंयच्या बाजूक पोवत होतो? टोकाक वळसो घालून घराकडे, की भायर, समुद्रात? ता ह्यात दिसता?"

अनेक वर्षं मी माणसांना त्यांच्या मांसात काय आहे ते सांगत आले. चांगलं सांगितलं, वाईट सांगितलं, पण काचेवर नसलेलं कधी सांगितलं नाही. त्याचा मला गर्व होता, अजून आहे. त्या क्षणी तो गर्व मला फार जड गेला.

"नाय गो," मी म्हटलं. "ता ह्यात दिसणा नाय."

तिनं मान डोलावली. मग परत वाकली, या वेळी आपणच एक डोळा हातानं झाकून. मला वाटलं, ती निरोप घेतेय. आरशाला उजेड मिळावा म्हणून माझं टेबल खिडकीला लागून होतं, आणि खिडकीतून सकाळचं ऊन तिच्या केसांवर पडलं होतं.

"ही खिडकी खंयच्या बाजूक?" तिनं विचारलं.

"उगवतीक."

"म्हणजे जमिनीकडे."

"होय."

"मगे ह्या बघ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "ही सगळी वळीन खिडकीकडे चलली हत. एकाफाटी एक. आणि हो एक फाटी ऱ्हवलो, तो पण लागान लागान येता. घराकडे, बाये. घराकडेच येय होतो तो."

ती बाजूला झाली, पदर तोंडात धरून रडायला लागली, आणि मी बघितलं. निळी ओळ खरोखरच सरळ खिडकीच्या रोखानं गेलेली होती. तिच्या मागच्या टोकाला एक पेशी अजून सुटी होती, आपलं निमुळतं तोंड नळीला टेकवून, आत शिरण्याच्या बेतात.

सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून सगळं उलटं दिसतं. डावं ते उजवं होतं आणि पुढचं ते मागचं. खिडकीकडे चाललेली दिसते ती ओळ काचेवर प्रत्यक्षात उलट, समुद्राकडे चाललेली असते. आणि तो काप तरी मी पाण्यावरून काचेवर झेलला होता तो जसा आला तसा, त्याला दिशा कसली? आमच्या शिक्षणात हे पहिल्याच दिवशी सांगतात.

"खरा मां गो?" तिनं विचारलं.

"खरा," मी म्हटलं. "घराकडेच."